कोरडा फिल्टर

मिस्त्री आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मनातल्या मनात 'शास्त्रज्ञ' म्हणायचा. हा शास्त्रज्ञ दिवसभर दुकानात पडद्याचं कापड मोजायचा आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर व्हिडिओ बघून इंजिनातला तज्ज्ञ व्हायचा. बायकोच्या गाडीचा धडधाकट कागदी एअर फिल्टर त्यानं डब्यासकट काढून टाकला, त्या जागी लाल कापडी जाळीचा उघडा फिल्टर बसवला आणि गाडी मिस्त्रीच्या गॅरेजसमोर आणून दोनदा गुरगुरवून दाखवली.

त्याचं म्हणणं, इंजिनाला मोकळा श्वास मिळाला की ताकद वाढते; आवाजावरूनच कळतं. मिस्त्रीनं बॉनेट उघडून पाहिलं. डबा गेल्यामुळे फिल्टर इंजिनाच्या धगीतलीच हवा ओढत होता. गरम हवेनं ताकद कमी होते, हे या दीडशहाण्याला कोणी सांगायचं? वाढला होता तो नुसता आवाज. मिस्त्री "वा" म्हणाला आणि कामाला लागला.

बोलायला हवं होतं, कारण गाडी बहिणीची होती. ती नर्स. खडीच्या खाणीपलीकडच्या वस्त्यांवर घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायची, इंजेक्शनं द्यायची. तिकडे दुसरं वाहन जात नव्हतं. गाडी बंद पडली तर ती माणसं तशीच वाट बघत पडून राहणार. आणि खाणीच्या रस्त्यावर धूळ पिठासारखी बारीक.

महिन्याभरानं शास्त्रज्ञ पुन्हा आला. दर रविवारी फिल्टर शाम्पूनं धुतो, उन्हात खडखडीत वाळवतो, अशी फुशारकी त्यानं मारली. फिल्टरसोबत तेलाची बाटली आली होती, तिचं काय केलं, असं मिस्त्रीनं सहज विचारलं.

"ते चिकट तेल? दिलं फेकून. इतक्या स्वच्छ फिल्टरला तेल कशाला फासायचं?"

कापडी फिल्टरमध्ये धूळ अडते ती त्या तेलावर. तेल नसेल तर ती नुसती चाळणी. मिस्त्रीनं फिल्टरमागच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवलं. बोट राखाडी झालं. त्यानं ते फडक्याला पुसलं आणि म्हणाला, "छान धुतलाय."

का? कारण एकदा चारचौघांत हा माणूस म्हणाला होता की मिस्त्री लोकांना नुसते पाने फिरवता येतात, डोकं लागतं ते वेगळंच. ते मिस्त्रीच्या मनात सलत होतं. आता हा आपल्याच हातानं तोंडावर पडणार, आणि आपण फक्त मजा बघायची. शेजारच्या वेल्डरला तो रोज चहाबरोबर शाम्पूची गोष्ट सांगायचा आणि दोघं पोट धरून हसायचे.

सात महिन्यांनी गाडी ऑइल प्यायला लागली. मागून निळा धूर. मग एका सकाळी खाणीच्या चढावर ती थांबली ती थांबलीच. बहीण औषधांची बॅग खांद्याला लावून चालत गेली. संध्याकाळपर्यंत सहापैकी दोनच घरं झाली.

दुसऱ्या दिवशी शास्त्रज्ञानं दुकानमालकाची जीप मागून आणली आणि गाडी दोरीनं ओढत गॅरेजात आणली; गाडीच्या स्टिअरिंगवर बहीण होती. मिस्त्रीनं थाटात तपासणी केली. धुळीनं सिलिंडर, रिंगा, सगळं घासून टाकलं होतं. इंजिन पूर्ण उघडावं लागणार होतं. मग सात महिने शिजवलेलं भाषण त्यानं ऐकवलं: तेल म्हणजे काय, धूळ म्हणजे काय, आणि कापड मोजणाऱ्यांनी कापडच का मोजावं. शास्त्रज्ञ मान खाली घालून ऐकत होता. तेल आपणच फेकलं, असं तो बायकोकडे बघून म्हणालासुद्धा. मिस्त्रीला इतकं गोड वाटलं की जीभ सैल सुटली.

"जावईबापू, मी पहिल्याच महिन्यात नळीत बोट फिरवून बघितलं होतं. तेव्हाच म्हटलं, हे इंजिन गेलं."

वेल्डर दारात उभा राहून हसत होता. तो हसायचा थांबला.

"कुणाला म्हटलंस, दादा?" बहिणीनं विचारलं.

मिस्त्रीची नजर वेल्डरकडे गेली. वेल्डरला अचानक काम आठवलं आणि तो आपल्या दुकानात निघून गेला.

"यांना कळत नव्हतं," ती म्हणाली. "तुला कळत होतं."

आवाज तिनं चढवला नाही. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं की गाडी रस्त्याच्या टोकाच्या गॅरेजात न्यायची. तिथल्या मिस्त्रीला हा मिस्त्री वर्षानुवर्षं लोहार म्हणून हिणवत आला होता. शास्त्रज्ञ गुडघ्यावर बसून जीपला दोरी बांधू लागला. ते त्याला धड जमत नव्हतं. मिस्त्रीला लाज वाटली, मनापासून वाटली, आणि काहीतरी उपयोगाचं बोलावंसं वाटलं.

"ती गाठ सुटेल," तो म्हणाला.

"सुटली तर आम्ही परत बांधू," बहीण म्हणाली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली.