एकशेचाळिसातला चार

"ती तबकडी टाकून द्या, सिन्योरा. नवी आणली आहे मी," असे म्हणून डॉक्टरांनी एक चपटी पुठ्ठ्याची पेटी माझ्या टेबलावर ठेवली.

"माझ्या टेबलावर काय ठेवायचं ते मी ठरवते, डॉक्टर. उचला ती."

त्यांनी निमूटपणे पेटी उचलून काखेत धरली. डॉक्टर लान्फ्रांको बोलोन्याला दातांचा दवाखाना चालवतात. दिवसभर माणसांना 'आ करा' म्हणणारा हा गृहस्थ माझ्यापुढे स्वतःच आ करून उभा होता. दाराशी टेकलेल्या विल्मेरला गंमत वाटली. विल्मेर म्हणजे आमच्या गल्लीतला मेकॅनिक. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, आणि जिभेने त्याहूनही पोरकट. डॉक्टरांच्या मोटारीचा सगळा डॅशबोर्ड त्यानेच आदल्या दिवशी उतरवून माझ्याकडे पोहोचवला होता.

मोटार बाहेर अंगणात अंजिराच्या झाडाखाली उभी होती. राखाडी, दोन माणसांची, बसक्या अंगाची. आमच्याच गावच्या एका छोट्या कारखान्याने अशा अकरा बांधल्या आणि मग कारखाना बंद पडला. त्या अकरांपैकी आज चालतात चार. तिच्या डॅशबोर्डवर सात मीटर, आणि सातांपैकी पाच निकामी. वेगाचा काटा भेदरलेल्या कोंबडीसारखा फडफडे. इंजिनाचे फेरे मोजणारा एका जागी बसला तो बसलाच. तेलाचा दाब शून्य आणि पाण्याचे तापमान थंडगार, तेही इंजिन उकळत असताना. पेट्रोलचा काटा मात्र टाकी कोरडी असली तरी 'भरलेली' सांगे. आमचे नगराध्यक्षही तसेच आहेत.

"काटे मी जिवंत करीन, त्यासाठीच मी आहे," मी म्हणाले. "पण वेगाच्या मीटरच्या तबकडीनं काय पाप केलं?"

"ती खोटी आहे, असं मिलानचे तज्ज्ञ म्हणतात. भिंगातून बघून सांगितलंय त्यांनी. हे एकशेचाळीस बघा."

मी भिंग डोळ्याला लावले. काळ्या तबकडीवर वीस, चाळीस, साठ असे करीत दोनशेचाळीसपर्यंत पांढरे आकडे, हाताने रंगवलेले. मोठ्या मागणीच्या तबकड्या ठशाने छापत. अकरा मोटारींसाठी ठसा कोण बनवणार? म्हणून कुंचला. आमचा चार, म्हणजे 4, बगळ्यासारखा एका पायावर उभा राहतो. चाळिसातला बगळा सरळ होता, दोनशेचाळिसातलाही. एकशेचाळिसातल्या बगळ्याने मात्र पाय लांबवला होता, खाली आणि जरासा डावीकडे, केसाएवढा बारीक होत गेलेला.

"जुन्या मोटारींचे परीक्षक रविवारी चौकात येणार," डॉक्टर सांगत होते. "नवी बसवली, तर 'बदललेली' असं प्रामाणिकपणे लिहिता येतं. ही ठेवली, तर बनावट माल खरा म्हणून मिरवला असं होईल. माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात कुणाला खोटा दात बसवून खरा म्हटलं नाही. आता तुम्हीच सांगा. तुम्ही तबकड्या रंगवायच्या त्या खोलीत बसत होता. अशी तबकडी तिथून बाहेर पडली असती का?"

माझ्याऐवजी विल्मेर बोलला. "हिला काय विचारता? पाटी बघा ना!"

ती पाटी माझ्या खुर्चीमागे टांगलेली असते. मीटरच्या कारखान्यात तबकड्या रंगवण्याच्या खोलीत आम्ही बारा जणी होतो आणि आमच्यावर सिन्योरा झेलिंदा. रेघ चुकली की तबकडी टर्पेंटाइनच्या बादलीत जाई आणि पाटीवर चुकलेलीच्या नावापुढे खडूची रेघ उमटे. खोली बंद झाली तेव्हा झेलिंदाबाईंनी ती पाटी मला दिली, कारण माझ्या नावापुढे एकही रेघ नव्हती. घरी आणल्यावर मी खाली दुसरे नाव लिहिले: मोरेना, माझी मुलगी. चाळीस वर्षे ती माझ्या शेजारी काम करते आहे. तिच्या नावापुढे तेवीस रेघा आहेत आणि प्रत्येक मी स्वतः ओढलेली आहे.

"इरीदेच्या हातून वाकडं असं काही निघालंच नाही," विल्मेर म्हणाला. "शब्द सोडले तर."

मोरेना खिडकीजवळ तेलाच्या मीटरची तांब्याची नळी तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आई, सांगून टाक ना. कामाला लागू दे."

"शनिवारी सांगेन," मी म्हणाले. "आधी काटे."

सगळे गेल्यावर मी तबकडी उलटी केली. पितळेवर, खालच्या कडेला, सुईने कोरलेले एक नखाएवढे कडे होते. आमच्याकडे सारण भरलेली तोर्तेल्लीनी बोटावर गुंडाळून मिटताना होते तसे. बारा जणींची बारा गुप्त चिन्हे होती. झेलिंदाबाईंना कळते तर बाराही घरी बसल्या असत्या. ते कडे माझे. आणि या कड्याच्या मधोमध एक ठिपका होता. असा ठिपका मी आयुष्यात एकदाच दिला.

मी तबकडी सुलटी केली, वर कपडा टाकला आणि जेवायला गेले. जेवण गेले नाही.

पुढचे दोन दिवस मोरेनाने आणि मी काम केले. वेगाच्या मीटरमधले जुने वंगण मेणबत्तीसारखे घट्ट झाले होते; ते खरवडून, धुऊन, टाचणीच्या टोकाने नवे तेल दिले. फेऱ्यांच्या मीटरमधली केसासारखी स्प्रिंग मोरेनाने बदलली. ते काम आता तिचे आहे. माझा हात थरथरतो असे गावचे डॉक्टर म्हणतात. मी म्हणते, तो विचार करतो. तेलाची नळी सांध्यावर चिरली होती, तिला कथलाचा डाग दिला. तापमानाच्या मीटरची नळी फुटून आतला द्रव उडून गेला होता. तशीच एक माझ्या खणात सत्तर सालापासून पडून होती. पेट्रोलच्या मीटरचा दोष मात्र मीटरात नव्हता. टाकीतला तरंगता गोळाच वर अडकलेला होता. विल्मेरने तो सोडवला आणि गल्लीभर सांगितले की, सातातला एक मीटर त्याने दुरुस्त केला.

हात चालत होते, पण माझे मन कपड्याखालच्या तबकडीवर होते. गप्प राहिले, तर ती कचऱ्यात जाणार होती. बोलले, तर साठ वर्षांची कोरी पाटी जाणार होती, तीही विल्मेरसमोर. हा माणूस माझ्या दफनालाही ती गोष्ट सांगत बसेल. आणि मोरेना? तेवीस रेघा!

शनिवारी सकाळी डॉक्टर आले. विल्मेरला कोणी बोलावले नव्हते, तोही आला. मोरेनाने नवी छापील तबकडी चिमट्यात धरली. गुळगुळीत, निर्दोष, आणि विहिणीच्या हसण्याइतकी कोरडी. ती मीटरवर टेकवणार, एवढ्यात मी म्हणाले, "थांब."

"आता काय, आई?"

"जुनी खरी आहे. मी रंगवली आहे."

विल्मेरच्या तोंडातली सिगारेट खाली पडली.

"चौसष्ट सालचा फेब्रुवारी," मी सांगितले. कबुली द्यायची तर ताठ बसून द्यावी. "मला सहावा महिना होता. कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त नवऱ्याला, अफ्रोला. रंगाच्या वासाच्या खोलीत गर्भार बाईला बसू देत नसत, पॅकिंगला पाठवत. मला कुंचला सोडायचा नव्हता. म्हणून अफ्रोचा ढगळ डगला घालून मी कामावर जायची. त्या दुपारी एकशेचाळिसातला चार ओढत होते. पाय खाली आणला, कुंचला उचलणार, तेवढ्यात पोटात अशी लाथ बसली की हात खाली गेला."

मोरेनाच्या हातातला चिमटा तसाच हवेत होता.

"बादलीत टाकायला हवी होती," मी म्हणाले. "पण बादलीत टाकली, तर झेलिंदाबाई विचारणार, इरीदे, तुझा हात कसा चुकला? आणि जवळ येऊन बघणार. मी ती वाळलेल्या तबकड्यांच्या खाली सरकवली. मागे माझं कडं कोरलं. आणि कड्यात एक ठिपका दिला."

डॉक्टरांनी तबकडी उलटी केली, भिंग लावले, आणि त्यांच्या तोंडून दातांच्या डॉक्टराला न शोभणारा एक शब्द बाहेर पडला. आनंदाचा होता, म्हणून मी तो ऐकलाच नाही असे दाखवले.

"म्हणजे," मोरेना सावकाश म्हणाली, "चाळीस वर्षं तू माझ्या नावापुढे रेघा ओढतेस. आणि या घरातली पहिली वाकडी रेघ..."

"तुझीच आहे. जन्माआधीपासून तुला हातपाय आवरत नाहीत."

"मग चोविसावी ओढ माझ्या नावावर!"

"लाथ तुझी होती," मी म्हणाले. "लपवली मी. खडू दे."

मी उठले. पाटीसमोर उभी राहिले आणि माझ्या नावापुढे, जिथे साठ वर्षे काही नव्हते तिथे, एक रेघ ओढली. हाताने पुन्हा थोडा विचार केला, त्यामुळे तीही सरळ आली नाही. मी विल्मेरकडे पाहिले. तो सिगारेट उचलायला वाकला.

हसायला आधी मोरेना लागली. तिचे हसणे अफ्रोवर गेले आहे: आधी आवाज नाही, नुसते खांदे. मग डॉक्टर, मग विल्मेर आणि शेवटी, मला नाइलाज होता म्हणून, मी.

"परीक्षक हे मानतील?" डॉक्टरांनी डोळे पुसत विचारले.

"मी लिहून देते, खाली माझं कडं काढून. नाहीच मानलं तर त्यांना माझ्याकडे पाठवा. जेवायला घालीन आणि मग बोलेन."

काटा बसवायचा राहिला होता. तो एकाच दाबात बसावा लागतो. दुसऱ्यांदा दाबला तर दांडी वाकते. माझी खुर्ची रिकामी होती. मी मोरेनाला डोळ्यांनी ती दाखवली. तिला आधी समजले नाही. मग बसली, पाठ ताठ करून, मी बसते तशी. एका दाबात काटा बसला.

रविवारी परीक्षकांनी माझा कागद दोनदा वाचला, तबकडी तीनदा पाहिली आणि मोटारीच्या नोंदीत 'मूळ' असे लिहिले. त्यांच्यातल्या एका पोक्त गृहस्थाने माझ्या हाताचे चुंबन घेतले. तेवढे योग्यच होते.

त्या सकाळी कालव्याकाठचा पॉप्लरच्या झाडांच्या रांगांमधला सरळ रस्ता रहदारीला बंद ठेवतात आणि प्रत्येक जुन्या मोटारीला एक धाव देतात. डॉक्टरांनी शेजारची जागा मला दिली. विल्मेरने मला आत बसवले, म्हणजे खरे तर उतरवले, कारण त्या मोटारीत माणूस विहिरीत उतरल्यासारखा जातो. मोरेना रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडली, "आई, रुमाल बांध डोक्याला!" मी बांधला नाही.

मोटार निघाली. तेलाचा दाब हळूच वर आला आणि जिथे असावा तिथे थांबला. फेऱ्यांचा काटा इंजिनाबरोबर गात गेला. साठ, ऐंशी, शंभर. माझे पांढरे केस डोळ्यांवर येत होते. एकशेवीस. वेगाच्या काट्याला आता ना धाप, ना फडफड. एकशेचाळिसावर तो आला आणि लांबलेल्या पायावर अचूक टेकला. पाय दिसेनासा झाला.

"बघा सिन्योरा!" डॉक्टर वाऱ्यातून ओरडले. "या वेगाला तुमची चूक झाकली जाते! कुणालाच दिसायची नाही!"

मी तबकडीकडे पाहत राहिले. काट्याखाली काहीच नव्हते.

"हळू करा, डॉक्टर," मी म्हणाले.

"भीती वाटली?"

"हळू करा म्हटलं ना."

त्यांनी पाय सैल केला. काटा मागे सरकला आणि त्याच्याखालून तो चार बाहेर आला, पांघरुणातून एक पाय बाहेर टाकून झोपलेल्या पोरीसारखा. मी त्याला परत झाकू दिले नाही. रस्ता संपेपर्यंत आम्ही शंभरानेच गेलो.