वाटाण्याची निंदा

पेरा.

शेतीचे गुरुजी निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले आणि जाताना कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी डकवून गेले. पेरा. पाणी द्या. निंदा. भर द्या. बस्स. माणूस मुळातच शब्दाला महाग.

शेतीचा तास मग भाषेच्या बाईंच्या गळ्यात पडला. बाई शहरातल्या. व्याकरणात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण वाटाणा त्यांनी सोललेलाच पाहिलेला.

"महिन्याभरात तपासणी आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "मळा नीट दिसला नाही तर विषय बंद. तिथे सायकलींची शेड."

शेड म्हणताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं: विषय बंद होऊ द्यायचा नाही.

पेरलं.

पाणी द्या.

दिलं. इतकं दिलं, की सातवीतली लवंगी, टोपणनावाला जागणारी पोरगी, म्हणाली, "बाई, वाटाणा आहे. कमळ नाही."

निंदा.

कोणाची?

बाई चिठ्ठीपुढे उभ्या राहिल्या. मग त्यांना गुरुजींचं कौतुक वाटलं. पीक डोळे उघडून बघायचं, त्याचे दोष मांडायचे. केवढा खोल विचार! त्यांनी पुठ्ठ्याच्या पाट्या वाटल्या. "प्रत्येकाने आपल्या रोपाची निंदा लिहायची. स्पष्ट, पण सभ्य भाषेत."

सातवीने एकमेकांकडे पाहिलं. निंदणी काय असते हे त्यातल्या प्रत्येकाच्या कंबरेला ठाऊक होतं. पण उन्हात तण उपटायचं टळतंय, वर गुणही मिळतायत, तर बाईंची चूक काढायला कोण जातो? वर्ग तोंडाला कुलूप लावून लिहायला बसला.

*शेजाऱ्याच्या आधाराने उभे आहे. लाज नाही.*

*नुसतेच लांब. अगदी माझ्या चुलतभावासारखे.* (बाई: उपमा छान!)

*काही करत नाही, तरी सगळ्यांच्या पुढे उभे.* (बाई: हे रोपाबद्दलच आहे ना?)

पंधरा दिवसांत तण गुडघ्याला लागलं. मळा हिरवागार. बाई खूश.

तपासणीच्या आदल्या दिवशी शिपाईमामा कुंपणाशी थबकले. "बाई, निंदणी कधी करणार?"

"झाली की, मामा! एकूण एक रोपाची. आता भर द्यायचा. तेवढं सांगा, नक्की कशावर?"

मामांनी हातातली बादली खाली ठेवली. मग स्वतःही खाली बसले. हसू आवरायला त्यांना बराच वेळ लागला.

"बाई, निंदणं म्हणजे तण काढणं. भर म्हणजे बुडाशी माती. वाटाण्याला वाईट बोलायचं नसतं हो!"

बाईंचे कान तापले. मागे सातवी माना खाली घालून उभी, आणि लवंगीचे खांदे गदगदत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हीच म्हणता ना बाई, मोठ्यांच्या चुका काढू नयेत."

बाईंनी चपला काढल्या, वाफ्यात उतरल्या आणि हाताला आलं ते उपटलं.

"बाई! तो वाटाणा!"

लवंगी धावली. तिच्यामागे सगळी सातवी.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले तेव्हा अर्धा मळा अजून तणात होता आणि बाई गुडघ्यांवर, कोपरापर्यंत चिखल. मुख्याध्यापकांनी हळूच खिशातून मोजपट्टी काढली.

"हे कोणतं तण?" तपासनिसांनी विचारलं.

बाईंकडे शब्दांना तोटा नव्हता. वेळ सहज मारून नेता आली असती.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सातवीला माहीत आहे."

आणि सातवी सुटली. "हरळी!" "हरळी कुठली? डोळे फुटलेत का, लव्हाळा आहे तो!" "साहेब, वरून ओढू नका, गाठ खाली राहते, आठवड्यात परत उगवतो!" "हा केना, आमची म्हैस आधी तोच खाते!"

तपासनीस एकाला विचारत, तिघं भांडत. अर्ध्या तासाने त्यांनी उभ्या-उभ्याच शेरा लिहिला:

*विषय चालू ठेवावा. शिक्षिकेस शिकवावे.*

कोणी, ते लिहिलं नव्हतं. सातवीने विचारलंही नाही. सोमवारी तासाला बाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या आणि फळ्यापाशी लवंगी, हातात मुळासकट एक जुडी.

"सांगा, हे काय?"

"हरळी... असावी."

"असावी नाही चालणार, बाई. मूळ बघा आधी."

बाईंनी चष्मा लावला.