बासष्ट विहिरींची डिस्क

विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या सुधाकर राऊतांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता, स्वतःच्या जिभेवर आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर. बायकोचा, यमुनाबाईंचा, नंबर तिसरा. पण त्यांनाही कॉम्प्युटरच्या खोलीत झाडू घेऊन शिरायची परवानगी नव्हती.

सुधाकरराव अंधेरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त होताना कारखान्याने भंगारात काढलेलं वर्कस्टेशन त्यांनी उचलून घरी आणलं. दोन माणसांनी उचलावं एवढं जड, आणि चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखं घरघरणारं. त्याच्या डिस्कवर आसपासच्या बासष्ट विहिरींच्या अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. दर अमावास्येला, भरतीला जोर असतो तेव्हा, सुधाकरराव सायकलवरून विहिरी फिरायचे. दोरीला वजन बांधून पाण्याची खोली मोजायची, पाणी आधी जिभेवर घ्यायचं, मग मीटरने तपासायचं. कुठली विहीर कुठल्या साली मचूळ झाली आणि कुठल्या वाडीतली केळ कधी करपायला लागली, सगळं तारीखवार. वहीतलं पान कॉम्प्युटरमध्ये चढवलं की ते चुलीत जायचं. उगाच कुणाच्या हाती लागायला नको.

कुणाच्या म्हणजे टँकरवाल्या दिवाकरशेठच्या. शेठने वाड्यांना खेटून आठ नव्या बोअरवेल मागितल्या होत्या, नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगांना टँकर भरायला. येत्या गुरुवारी त्यावर तहसीलदारांपुढे सुनावणी होती. पाणी खारं होतंय असं तोंडी सांगून भागणार नाही, नोंदी आणा, असं साहेबांनी वाडीवाल्यांना स्पष्ट बजावलं होतं. आणि नोंदी अख्ख्या गावात एकट्या सुधाकररावांकडे होत्या. बासष्टपैकी गोड पाण्याच्या फक्त नऊ विहिरी उरल्या होत्या, त्यातली एक त्यांच्या परसातली. बोअर झाल्या की दोन उन्हाळ्यांत ती हातची जाणार, हे त्यांना शाळेच्या पाढ्यासारखं पाठ होतं.

आणि नेमक्या दसऱ्याच्या सकाळी कॉम्प्युटरने ‘डिस्क सापडत नाही’ म्हणून हात वर केले.

सुधाकररावांनी खोका उघडला. डिस्कला वायर बसते तिथली प्लास्टिकची पट्टी तुटलेली. त्यांच्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. कालच तर खंडेनवमीला ही डिस्क त्यांनी कोयत्या-टिकावाशेजारी पाटावर मांडून पुजली होती. पोटापाण्याची हत्यारं पुजायची तर हिला कसं वगळायचं? काल जिला हळदकुंकू वाहिलं ती आज आपोआप मोडेल? शक्यच नाही. यात माणसाचा हात होता.

माणूसही त्यांना तात्काळ सापडला. आगाशीचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला ॲल्रॉय. जूनमध्ये पंख्यातली धूळ काढायला त्यांनी मशीन त्याच्या दुकानात नेलं होतं. काम झाल्यावर तो सहज म्हणाला, “काका, खोलण्याआधी सेफ्टीसाठी डिस्कची कॉपी काढून ठेवलीय.” झालं! सुधाकररावांनी दुकान डोक्यावर घेतलं. माझ्या परवानगीशिवाय? कुणासाठी? स्टुलावर ठाण मांडून त्यांनी ती कॉपी समोर पुसून घेतली, तीही तीनदा. त्यात ॲल्रॉयचा गाळा दिवाकरशेठच्या मालकीचा. आता उघडच होतं, पोराने तेव्हाच पट्टी अर्धी कापून ठेवली असणार, सुनावणीच्या तोंडावर मोडेल अशी. सुधाकररावांनी वाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिलं, ‘सावध राहा. शेठच्या गाळ्यातल्या मेकॅनिकने माझी डिस्क मोडली आहे.’

नालासोपाऱ्याचा दुकानदार म्हणाला, मशीन फेका, नवं घ्या. विरारवाल्याने पर्याय वाचून दाखवले. आत जोडणीचं कार्ड टाकून नवी डिस्क लावा, नाहीतर बाहेरून डिस्कचा डबा जोडा, नाहीतर सगळं क्लाउडवर ठेवा. क्लाउड म्हणजे परक्याच्या घरात, ते बाद. बाहेरचा डबा कुणीही खिशात घालून नेईल, तोही बाद. आणि दोघांनाही नवीनच डिस्क विकायची एवढी घाई का? सुधाकररावांना तिथेही शेठचाच वास आला.

शेवटी मंगळवारी यमुनाबाईंनी नवऱ्याला न विचारता ॲल्रॉयला फोन केला.

तो आला, चपला काढून ओटीवर बसला. “काका, मी काकूंसाठी आलोय,” तो म्हणाला. “तुमचा मेसेज मला चौघांनी पाठवलाय.”

“काम कर. मी शूटिंग करणार आहे.” सुधाकररावांनी मोबाइल त्याच्या हातांवर रोखला.

“करा.” ॲल्रॉयने डिस्क फिरवून पाहिली. “मशीनचं टेन्शन नाही. दुसरं पोर्ट रिकामं आहे, नवी डिस्क चालेल. जागा काय, कुठेही मिळेल. लोचा आहे तो ह्यातलं बाहेर काढण्याचा.”

“बघा, आता कसं गुंडाळतोय,” सुधाकरराव मोबाइलला उद्देशून म्हणाले.

ॲल्रॉयने वायरचं टोक उजेडात धरलं, भिंगातून पाहिलं आणि चिमट्याने आतलं काहीतरी हळूच बाहेर ओढलं. कोऱ्या कागदावर एक दाणा पडला. लाल रंगाचा, अर्धा चेपलेला.

“काका, हे काय?”

यमुनाबाई वाकल्या. “अगंबाई, ही तर अक्षता!” मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “अहो, पूजा झाल्यावर बसत नव्हती म्हणून तुम्ही अंगठ्याने रेटलीत ना ती?”

सुधाकररावांना आठवलं. बारीकसा ‘कट्’ असा आवाजही आठवला. तेव्हा वाटलं होतं, बसली एकदाची.

“दाणा अडकला, वरून जोर लागला,” ॲल्रॉय म्हणाला. “पट्टी तर गेलीच, सातातल्या तीन पिना मुळापासून तुटल्या. माझ्याकडे होणारं काम नाही. मुंबईत लॅबला दिली तर बहुतेक निघेल. तीन आठवडे धरा.”

“सुनावणी परवा आहे.”

“माहीत आहे. आमचीही वाडी आहे, काका.”

हे सुधाकररावांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना भयंकर लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. परसातल्या रहाटाचा आवाज येत होता, शेजारची सून पाणी काढत होती. ते स्टूल ओढून ॲल्रॉयच्या अगदी जवळ सरकले. आवाज पार खाली आला.

“ॲल्रॉय, खरं सांग. मी अजिबात रागावणार नाही. जूनमधली ती कॉपी... तू कुठेतरी ठेवली असशील ना? पेनड्राइव्हवर, घरी, कुठेही. अरे, दिवाकरशेठला दिली असलीस तरी चालेल. त्याच्या पायरीवर जाऊन मागतो मी.”

ते त्याच्या चेहऱ्याकडे आशेने बघत राहिले. हा पोरगा चोर निघू दे, एवढंच त्यांना हवं होतं.

“नाही हो काका,” ॲल्रॉय म्हणाला. “तुम्ही समोर बसला होतात. शेवटचं बटण तर माझ्यावर भरवसा नाही म्हणून तुम्हीच दाबलंत.”

त्याने अक्षतेचा दाणा कागदाच्या पुडीत बांधून यमुनाबाईंच्या हातात दिला. सुधाकररावांच्या हातातला मोबाइल अजून शूटिंग करत होता.