राज्यशास्त्र विभागातली पत्र्याची पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. मित्रांनो, लगेच माझी कीव करू नका. मी खुनशी आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

मला घडवलं ते राज्यशास्त्र विभागासाठी. वर चिठ्ठीपुरती फट, पुढे वरून खाली पडणारं झाकण आणि त्याला कुलूप. निवडणुकीआधी कोणाला मत देणार असं तोंडावर विचारलं, तर माणसं समोरच्याला आवडेल तेच सांगतात. म्हणून विद्यार्थी मला घेऊन घरोघर जात. माणूस चिठ्ठीवर खूण करी आणि दुमडून माझ्या पोटात टाकी. अख्खी वस्ती झाल्याशिवाय मला उघडायचं नाही, हा नियम. मग कुणाची चिठ्ठी कुठली, हे मलाही सांगता येत नसे. एका आजोबांनी तर चिठ्ठी टाकून मला थोपटलं होतं.

एका वर्षी विभागप्रमुखांचा मेहुणा निवडणुकीला उभा राहिला आणि सर स्वतःच मला काखोटीला मारून निघाले. प्रत्येक घर झालं की कोपऱ्यावर जाऊन मला उघडत, आतली एकुलती एक चिठ्ठी वाचत आणि खिशात घालत. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मेहुण्याच्या विरोधात खूण केली होती. त्यांचं दुकान त्याच मेहुण्याच्या जागेत होतं. निवडणूक संपताच त्यांचं शिलाई मशीन रस्त्यावर आलं.

मावशी विभागात आल्या. "साहेब, कुणाला कळणार नाही म्हणाला होतात ना?"

"पेटीचं कुलूपच सैल आहे हो," सर म्हणाले. "पोरांनी उघडली असेल."

माझं कुलूप सैल! चोर तो चोर, वर शिरजोर. त्याच दिवशी मला कपाटावर टाकलं. तिथे धूळ खात मी वर्षानुवर्षं सरांवर डूख धरून बसले.

पुढे मावशींची मुलगी त्याच विभागात संशोधनपद्धती शिकवू लागली. तिने मला खाली काढून पुसलं. निवृत्त सरांचा सत्कार होता, तेव्हा विद्यार्थ्यांनी आग्रह धरला, "सर, पेटीची पद्धत दाखवा ना!" सर फुशारले. भरल्या वर्गात एका मुलीने चिठ्ठी टाकली. दुसरा मुलगा जागेवरून उठतोय, तोवर सरांनी सवयीने किल्ली फिरवली आणि हात आत घातला.

"अहो सर, एकाच चिठ्ठीवर उघडली?" मागून कुणीतरी विचारलं.

मावशींची मुलगी पुढे आली. "माझ्या आईचीही अशीच बघितलीत ना? कुलूप तर शाबूत आहे, सर."

सरांचा हात अजून आतच होता. तेवढ्यात मी झाकण पाडलं. बोटांवर, होतं नव्हतं तेवढं बळ लावून. लोक म्हणतात, बिजागरी गंजली होती. म्हणोत बापडे! सर कळवळले आणि मला फार बरं वाटलं.

मुलीने तिथूनच आईला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून मावशींनी विचारलं, "लागलं का गं त्यांना?"

"चांगलंच."

"बरं झालं."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं शेवटी सांगायचं असतं. मला तेलपाणी नको. कुणी विश्वासाने तुमच्यापाशी काही ठेवलं, तर ते सांभाळा. ते जमत नसेल, तर निदान बोटं सांभाळा.