बंद खोलीतला तिसरा आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून ऐकून मी जरा संशयी झालो आहे, तेवढं सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं लाल बटण नुसतं चकाकत होतं. मला एका लेखिकाबाईंनी विकत घेतलं. सकाळी त्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या आणि दुपारी घरी खोलीचं दार लावून नाटक रचायच्या. प्रत्येक पात्र त्या माझ्यासमोर मोठ्यानं बोलून बघत.

मला मात्र पहिल्या दिवसापासून शंका होती. खोलीत माणूस एक आणि आवाज तीन! एक भांडकुदळ म्हातारा नावाडी होता, एक चिमुरडी होती. ते दोघे नाटकातले. पण तिसरा? तो घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "असो. यात दम नाही. पुसून टाक." की बाई मुकाट्यानं फीत मागे फिरवून सगळं पुसत. पहिला प्रवेश असा अकरा वेळा गेला. कोण होता हा उपटसुंभ?

बाईंच्या यजमानांचं खालीच घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आवाज त्यांच्याही कानावर गेले. एका दुपारी डोळ्याला भिंग तसंच ठेवून ते वर आले.

"कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मग पुरुषाचा आवाज कुणाचा?"

"अहो, नाटकातला म्हातारा आहे तो!"

तरीही त्यांनी कपाटामागे डोकावून पाहिलंच. तिथं एक मोडकी छत्री होती.

या गडबडीत त्या दिवशीचं पुसायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी बाई कामावर जाताच यजमानांनी मला दुकानात नेलं. म्हातारा बोलला, चिमुरडी बोलली. मग तो घसा खाकरला. यजमानांचा हात थबकला. त्यांनी तेवढंच तीनदा ऐकलं.

"अरेच्चा, गळा हिचाच, पण हे तर मास्तर!" ते पुटपुटले.

मास्तर म्हणजे बाईंचे वडील. लेकीच्या निबंधांवर लाल पेन्सिलीनं काट मारणारे. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती.

बाई परतल्यावर यजमान खाली मान घालून म्हणाले, "मी चोरून ऐकलं. चुकलंच माझं. पण हे ऐक."

बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. "मला वाटायचं, हे मीच म्हणते."

"पुसू त्यांना?"

"नको. त्यांना वेगळी कॅसेट देते. नाटक पुरं झालं की बोलू देत काय ते."

नाटक पुरं झालं. बाईंनी मास्तरांची कोरी कॅसेट लावली, माझं लाल बटण दाबलं, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "असो." पुढचं "यात दम नाही" काही आलंच नाही. माझा तरीही भरवसा बसेना. फीत संपेपर्यंत मी कान टवकारून होतो.

आता माझ्या पोटातला, फीत फिरवणारा रबरी पट्टा सैल झाला आहे आणि मी माळ्यावर धूळ खातो. कधी ती धूळ पुसलीत तर बरं वाटेल. पण मित्रांनो, घरात कुणी दार लावून एकटंच बोलत असेल, तर हसू नका, दाराला कानही लावू नका. दार वाजवा आणि विचारा, "मला ऐकवशील?"