फाऊल माफ नव्हता

वळच्या दामूने मागून धावत येऊन दोन्ही बूट मुनाफच्या नडगीवर घातले. त्याचा आवाज मचाणापर्यंत आला. मुनाफ तोंडघशी पडला, पण चेंडू घरंगळत त्याच्याच जोडीदाराच्या पायात गेला, आणि त्या जोडीदारापुढे वळ गावाचा गोलकीपर सोडला तर कोणी उरलं नव्हतं. रेफ्री चांगदेव तरेने शिट्टी ओठांत धरली, पण वाजवली नाही. दोन्ही हात पुढे फेकून तो ओरडला, "खेळा, खेळा!"

बांबूच्या मचाणावर राघो भोईरने माईक तोंडाशी ओढला.

"आणि रेफ्रीसाहेबांनी अ‍ॅडव्हान्टेज दिला हाय, मायबाप! फाऊल माफ! दामू पाटील वाचला!"

मैदानाच्या चार कोपऱ्यांतल्या चार भोंग्यांतून तो आवाज थेट मुनाफच्या निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत शिरला. मुनाफच्या जोडीदाराने घाईत चेंडू गोलावरून उडवला. वळची माणसं नाचायला लागली. उपांत्य सामना, दोन्हीकडे एकेक गोल, दहा मिनिटं बाकी.

तेव्हा कुठे चांगदेवने शिट्टी वाजवली. सावकाश चालत तो दामूपाशी गेला, खिशातून वही काढून त्यात काहीतरी लिहिलं आणि हात लांब करून सीमारेषा दाखवली. मध्यंतराआधी कोपर मारलं म्हणून दामूचं नाव त्या वहीत एकदा लागलेलं होतं. आता दुसऱ्यांदा लागलं, म्हणजे बाहेर.

दोन्ही संघ अंगावर धावून आले.

"आताच तू बोल्लास ना खेळा म्हणून?" दामूच्या तोंडातून थुंकी उडत होती. "मंग आता कसला नाव लिवतस?"

"फाऊल था तो फ्री किक दो," लंगडत आलेला मुनाफही तावातावाने म्हणाला. "नहीं था तो नाम क्यूँ लिखा?"

"फ्री किक गेली. मी फायदा दिला," चांगदेव म्हणाला. "पण यानं लाथ मारली ती मारलीच. चल दामू, बाहेर हो."

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीतल्या त्या रविवारी मैदानावर तीन-चार हजार माणसं होती, आणि त्यांत नियम माहीत असलेला तो एकटा होता.

राघोला तर नियमाचा गंधही नव्हता. त्याच्याजवळ होता तो आवाज. टांग्यात भोंगा बांधून तो सिनेमाची जाहिरात करायचा, लग्नात आहेर पुकारायचा, वज्रेश्वरीच्या जत्रेत हरवलेल्या माणसांची नावं घ्यायचा. बायका न बघता सांगायच्या, राघो बोलतोय म्हणून. फुटबॉलची कॉमेंट्री तो रेडिओवरून शिकला होता. अ‍ॅडव्हान्टेज हा शब्द त्याला तिथेच मिळाला. फाऊल होतो, शिट्टी होत नाही, तेव्हा तो म्हणायचा असतो. म्हणजे माफी, असा अर्थ त्याने आपल्या मनाने लावला होता. इतकी वर्षं तो तसंच सांगत आला होता आणि सगळा तालुका त्याच्याकडूनच फुटबॉल शिकला होता.

"ह्यो काय न्याय झाला, मायबाप?" तो माईकमध्ये म्हणाला. "माफ केलेला फाऊल रेफ्रीसाहेब परत उकरून काढतात! चेंडू बाहेर जेल्यावर नाव लिवतात! असा नियम जगात कुठं न्हाय!"

गर्दीतून हुंकार उठला. राघोच्या अंगावर काटा आला. आपण एक शब्द टाकावा आणि हजारो गळ्यांतून तो परत यावा, यात एक नशा असते. त्याने परत टाकला. "अन्याय हाय! अन्याय!"

तिसऱ्यांदा "अन्याय" म्हणून होईस्तोवर दामूने चांगदेवच्या नाकावर डोकं आपटलं होतं. चांगदेव मागे झुकला, पण पडला नाही. रक्ताने माखलेला हात तसाच सीमारेषेकडे धरून तो उभा राहिला. तेच लोकांना सहन झालं नाही. मैदानाभोवतीची दोरी तुटली. पहिल्या लोंढ्यात वीस-पंचवीस जण असतील, मागून शेकडो आले. कोणी कोपऱ्यातली निशाणाची काठी उपटली. ती चांगदेवच्या खांद्यावर मोडली, तेव्हा मोडक्या तुकड्याने मारायला लागले. तो गुडघ्यांवर आला. एकाने केस धरून त्याचं तोंड वर केलं आणि दामूने पेनल्टी मारावी तशी लाथ त्याच्या जबड्यावर मारली.

"थांबा!" राघो ओरडला. "अरे, मरंल तो! मायबाप, थांबा!"

भोंगे तेच होते आणि आवाजही तोच. कोणी मान वळवून पाहिलं नाही.

तो मचाणावरून उडी मारून गर्दीत घुसला. कोणाचं तरी कोपर डोळ्यावर बसलं, कोणी पोटरीवर लाथ घातली. आत पोचला तेव्हा चांगदेव पालथा पडला होता आणि त्याच्यावर मुनाफ आडवा झाला होता. मुनाफ आईबहिणीवरून शिव्या देत पाठीवर मार झेलत होता. दोन हवालदार काठ्या परजत आले तशी गर्दी फाटली. मुनाफने चांगदेवला उताणं केलं. त्याचा खालचा जबडा एका बाजूला सरकून लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी वळच्या नाक्यावर लोकांनी राघोच्या पाठीवर थापा मारल्या. "राघ्या, तुज्या आवाजानं काम केला!" दामूचे काका बाळाराम पाटील म्हणजे मैदानाच्या जमिनीचे मालक आणि स्पर्धेचे अध्यक्ष. त्यांनी त्याला घरी बोलावून घेतलं.

"पोलीस इचारतील," सुपारी कातरत ते म्हणाले. "तू येवढाच सांग, रेफ्रीनं नियम मोडला म्हणून पब्लिक खवळली. मारला कोणी ते गर्दीत दिसला न्हाय. तुजा शब्द समदे मानतात."

"पण शेठ, नियम नक्की हाय कसा?"

"तूच सांगितलास ना भोंग्यावर? मंग?"

  बुधवारी राघो सरकारी दवाखान्यात गेला.

चांगदेव सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. एरवी वाफेने लालबुंद असलेला त्याचा चेहरा आता काळानिळा पडला होता. वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधले होते. खाटेपाशी त्याची बायको गुणाबाई नळीने त्याला पेज पाजत होती. तिने राघोला कधी पाहिलं नव्हतं.

"वयनी," राघो हळूच म्हणाला, "मी भाऊला बघाला आलोय."

तिचा हात थबकला. पेजेचं भांडं तिने खाली ठेवलं.

"परत बोल."

"मी... मी राघो भोईर."

तिने खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. मग दुसरी, मग तिसरी. "ह्योच आवाज! मी घरात भाकऱ्या करत व्हते. समदा आयकला मी भोंग्यावर. माज्या माणसाला मारतात आणि ह्यो वर बसून अन्याय-अन्याय करतो! तव्यावर भाकरी जळली माजी, मी अशीच उठून धावत आले!"

वॉर्डातली माणसं उठून बसली. राघोने हात वर केला नाही. चौथ्या वेळी चांगदेवने तिचं मनगट धरलं. घशातून नुसता घर्रर्र आवाज काढत त्याने उशीखाली बोट दाखवलं. गुणाबाईने धुसफुसत एक दोनशे पानी वही काढली आणि राघोच्या अंगावर फेकली.

वही शाळेतल्या पोराच्या अक्षरात भरलेली होती. फुटबॉलचे सगळे नियम, मराठीत. रेफ्रीची परीक्षा मुंबईला इंग्रजीत होती. तिथे दोनदा नापास झाल्यावर चांगदेवने एका मास्तरांकडून एकेक वाक्य समजावून घेऊन ते उतरवून काढलं होतं. त्याने पान उलटून एका ओळीवर नख ठेवलं आणि राघोच्या तोंडाकडे बोट केलं. वाच. मोठ्याने.

राघो वाचू लागला. "शिट्टी वाजवणं गुन्हा करणाऱ्याच्याच पथ्यावर पडत असेल, तर पंचाने ती वाजवू नये. खेळ चालू ठेवावा. एकदा चालू ठेवला की त्याला मागे येऊन फ्री किक देता येत नाही. परंतु खेळाडूचा गुन्हा त्यामुळे माफ होत नाही. चेंडू थांबल्यावर पंच त्याला ताकीद देऊ शकतो अथवा मैदानाबाहेर काढू शकतो."

चांगदेवने परत नख ठेवलं. राघोने परत वाचलं. शेवटची ओळ वाचून तो खाटेच्या कडेला बसला.

"मना म्हाईत नव्हता, भाऊ," तो म्हणाला. "देवाशपथ म्हाईत नव्हता."

"म्हाईत नव्हता तं गप बसाचा," गुणाबाई म्हणाली.

तो सामना रविवारी परत खेळवायचं ठरलं. चांगदेवचा अहवाल कोणी घेतलाच नव्हता, त्यामुळे दामू खेळणार होता. कल्याणहून नवा रेफ्री आणला होता. खेळाडू रांगेत उभे राहिले, बाळारामशेठ नारळ वाढवून खुर्चीत बसले आणि राघो मचाणावर चढला. हातात ती वही होती. ती त्याने गुणाबाईकडून मागून आणली होती.

"मायबाप," तो म्हणाला. "गेल्या आयतवारी मी या माईकवर चुकीचा बोललो. रेफ्री चांगदेव तरे यांनी नियम मोडला न्हाय. फाऊल माफ नव्हता. नियम काय हाय तो वाचून दाखवतो."

 त्याने पूर्ण वाचलं. मग वही मिटून तो म्हणाला, "आणि चांगदेवभाऊचा जबडा दामू काथोड पाटील यानं लाथ मारून फोडला. मी वरून बघितला. पोलिसांनाबी मी ह्योच सांगणार."

"वायर तोडा त्याची!" बाळारामशेठ खुर्चीतून उठले.

भोंगे बंद पडले तरी राघो बोलतच राहिला. पहिल्या चार-पाच रांगांना ऐकू जात होतं. दामू मचाणावर चढला. राघोने वही शर्टाच्या आत कोंबली आणि पोटाशी हात आवळून धरले, म्हणून तोंडापुढे आड धरायला हात उरले नाहीत. दामूने स्टँडवरचा लोखंडी माईक उपटून त्याच्या तोंडावर मारला, आणि परत मारला. राघो मचाणाच्या कडेवरून खाली कोसळला. खालीही त्याच्या गावची माणसं उभीच होती. ज्यांनी सोमवारी पाठीवर थापा मारल्या त्यांतल्याच काहींनी लाथा मारल्या. वही वाचली. समोरचे वरचे चार दात आणि खालचे दोन गेले, डाव्या हाताचं मनगट मोडलं.

जबानी द्यायला तो तसाच, तोंडावर पंचा धरून गेला. आधी स्वतः काय बोललो ते सांगितलं, मग दामूचं नाव घेतलं. एकाने नाव घेतल्यावर मुनाफही पुढे आला.

खटला वर्षभर चालला. वळमध्ये राघोच्या घरावर दगड पडले. त्याची बायको कमळा म्हणाली, "बोललात ना? आता र्‍हावाचा इथंच." ते राहिले. दातांवाचून त्याचं बोलणं फुसफुसत यायचं. लग्नाला कोणी बोलवेना, सिनेमावाल्याने दुसरा माणूस ठेवला. मुनाफच्या ओळखीने तो निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर लागला. तिथल्या खडखडाटात एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही, सगळे खुणांनीच बोलतात.

दामूला सहा महिन्यांची कैद झाली. बाळारामशेठवर काही आलं नाही. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर राघो उतरत होता, तेव्हा चांगदेव आणि गुणाबाई खाली उभे होते. चांगदेवचा जबडा वाकडा सांधला गेला होता. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं.

"च्या घे," तो दात न उघडता म्हणाला.

तिघे समोरच्या हॉटेलात बसले.  पोऱ्याने तीन चहा आणि पाव आणून ठेवले. चांगदेवने पाव उचलला आणि नुसताच हातात धरून बसला. राघोनेही आपला उचलून परत खाली ठेवला.

गुणाबाईने दोघांचे पाव ओढून घेतले. बोटांनी त्यांचे बारीक तुकडे करून बशीतल्या चहात बुडवले, ते चांगले मऊ होईस्तोवर थांबली, आणि एक बशी नवऱ्यापुढे सरकवली, एक राघोपुढे.