शिट्टीवाल्या पप्पांची जप्ती

"काका, माझे पप्पा पोलीस आहेत का?"

चांदनीने पैज लावली म्हणून नेहलने शाळेबाहेर उभ्या असलेल्या हवालदार अमृतकाकांना हे खरंच विचारून टाकलं. मागे मैत्रिणी फिदीफिदी हसत होत्या, पण मामला गंभीर होता. नेहलचे पप्पा, साडीवाले शांतिलालशेठ, कॉलनीच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष झाल्यापासून गळ्यात शिट्टी अडकवून फिरत. गेटसमोर आडवी लावली म्हणून त्यांनी चांदनीची सायकल 'जप्त' करून दुकानाच्या गोदामात कोंडली होती. आज सायकल मिळाली नाही तर कायमची कट्टी, असं चांदनीने बजावलं होतं.

"कसाना पोलीस? साड्या विकतस त्या!" काका म्हणाले.

"मग सांगा ना त्यांना सायकल सोडायला."

काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज एकदम बारीक केला. "तूच सांग वं माय. आणि मन्ही फटफटीबी सोडाले सांग. काल तुमना गेटसमोर लावेल व्हती. आज ड्युटीवर मी पायी पायी उनू!"

नेहल पोट धरधरून हसली. खरा पोलीस पप्पांना घाबरतो म्हटल्यावर कोणीतरी न घाबरणारं हवंच होतं.

घरी पप्पा जेवायला बसले होते, शिट्टी गळ्यातच. मम्मी गरम फुलके वाढत होती. नेहलने दप्तरही खाली ठेवलं नाही.

"मम्मी, पप्पा, माझं ठरलंय. आत्ताच्या आत्ता सायकल सोडा, नाहीतर मी ठाण्यात जाऊन पप्पांविरुद्ध तक्रार देणार. आणि अमृतकाकांची हिंमत होत नाहीये, म्हणून त्यांच्या फटफटीचीही तक्रार मीच देणार."